फुलझडी : दिसणारी आग आणि लपलेली आग



या मालेत आपण एरवी ज्ञान, प्रमाण, कर्म असे भारदस्त शब्द घेऊन बसतो. आजचा विषय कळल्यावर काहींनी विचारलं, फुलझडीवर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? पोरासोरांची गोष्ट! आमचं म्हणणं असं की, पोरासोरांची आहे म्हणूनच तिच्यावर नीट बोललं पाहिजे. सुतळी बॉम्ब आपण लहान मुलाच्या हातात देत नाही. रॉकेट देत नाही. पण फुलझडी मात्र तीन वर्षांच्या नातवाच्या मुठीत आपणच धरवतो, आणि वर म्हणतो, 'धर, काही नाही होत.' हे 'काही नाही होत' कुठून आलं, ते खरं किती आणि खोटं किती, एवढंच आज तपासायचं आहे.

आधी नावाचं पाहू. पुण्या-मुंबईकडे तिला फुलबाजी किंवा फुलबाजा म्हणतात. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत फुलझडी. त्यांचा भुईनळा तो आपला अनार. नावं वेगळी, पण फूल सगळ्यांना दिसलं. आणि गंमत म्हणजे हे फूल बरंच जुनं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या पाचशे वर्षांतल्या भारतीय दारूकामाचा इतिहास लिहिला. त्यात ओडिशाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या 'कौतुकचिंतामणी' या ग्रंथातल्या कृती येतात. हा राजा १४९७ ते १५३९ या काळातला. त्या कृतींत गंधक आहे, सोरा आहे, कोळसा आहे, लोखंडाचा चुरा आहे, बांबूची नळी आहे. एका प्रकाराचं नाव आहे 'पुष्पवर्ति', म्हणजे फुलांची वात. नावावरून तरी ती आपल्या फुलझडीची पणजी वाटते.

आपल्या मराठी मुलखातही हा शौक होता. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगितलं, तिथे 'दारूखान्याची लंका' करतात असं सांगितलं, आणि मग पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तसंच दारूकाम करवलं, अशी हकिकत बखरीत आहे. पण ही सगळी राजेरजवाड्यांची चैन. ते काम करणारे वेगळे, बघणारे वेगळे. घराघरांत फुलझडीची डबी येऊ लागली ती विसाव्या शतकात, तमिळनाडूतल्या शिवकाशीच्या कारखान्यांमुळे. म्हणजे बघा, जे काम जाणकार दारूकाम करणारा करायचा, ते आता प्रत्येक अंगणात होतं. कसब मात्र डबीबरोबर येत नाही. डबीवर चार ओळी छापलेल्या असतात, त्या कोणी वाचत नाही.

फुलझडीत असतं काय?

एक लोखंडी तार. तिच्यावर राखाडी लेप. लेपात तीन प्रकारच्या वस्तू असतात. पहिली, प्राणवायू पुरवणारी. बहुतेक साध्या फुलझड्यांत ती बेरियम नायट्रेट असायची. दुसरी, जळणारी: अॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा बारीक कीस. तिसरी, हे सगळं तारेला चिकटवून ठेवणारी खळ.

आता यातलं पहिलं कलम लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे. चुलीतल्या लाकडाला हवा लागते. हवा बंद केली की चूल विझते. फुलझडी आपला प्राणवायू सोबत घेऊन आलेली असते. म्हणून पेटलेली फुलझडी मातीत खुपसली, तिच्यावर पोतं टाकलं, तरी ती आतल्या आत जळू शकते. तिला दाबून विझवायच्या भानगडीत पडू नये.

ठिणग्या कशा होतात? लोखंडाचा कण तापतो, उडतो, आणि हवेत जळतो. चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकावर तुम्ही हेच पाहिलेलं आहे. पोलादात थोडा कार्बन असतो. तापलेल्या कणाच्या आत त्याचा वायू होतो आणि कण फुटतो. म्हणून ठिणगीला फांद्या फुटतात, फूल दिसतं. अॅल्युमिनियमचा कण पांढराशुभ्र जळतो. एवढंच त्या फुलाचं रहस्य.

आणि तापमान? साधारण हजार अंश सेल्सिअसच्या पुढे. सोनं १०६४ अंशांना वितळतं. म्हणजे सोनाराच्या मुशीत जेवढी आच लागते, तेवढी आच आपण नातवाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरलेली असते.

मग भाजत का नाही?

हा खरा प्रश्न आहे. कारण अनुभव उलटा आहे. फुलझडीच्या ठिणग्या हातावर पडतात, जरा चुणचुणतं, बस. हजार अंशांची ठिणगी आणि फोडही येत नाही! म्हणून तर आपण म्हणतो, काही नाही होत.

याचं उत्तर असं की, किती तापलंय आणि किती उष्णता आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक ढोबळ हिशेब करू. ठिणगीचा कण एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा धरा. आणि जळून गेलेल्या फुलझडीची एक मिलिमीटर जाडीची तार, फक्त दहा सेंटिमीटर, घ्या. त्या तारेत त्या कणाच्या दीड लाख पट लोखंड आहे. कण अतिशय तापलेला, पण त्याच्याजवळ द्यायला काही नाही. कातडीला टेकता टेकता त्याची पुंजी संपते. तार त्याच्यापेक्षा कमी तापलेली असेल, पण तिच्याजवळ द्यायला भरपूर आहे. श्रीमंती अंगावरच्या झगमगाटावरून ठरत नाही म्हणतात, तसंच हे.

आता गंमत बघा. लोखंड साधारण पाचशे अंशांच्या खाली आलं की अंधारातही लाल दिसत नाही. काळं दिसतं. म्हणजे फुलझडी विझली, प्रकाश गेला, पोरानं तार अंगणात टाकली, तेव्हा ती चारशे अंशांची असू शकते आणि दिसायला अगदी गरीब, काळी काडी. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं. मग या काडीवर अनवाणी पाय पडला तर काय होईल? दुसऱ्या पोरानं ती उचलली तर? फुलझडीच्या बाबतीत चमकणाऱ्या ठिणग्यांना आपण भितो आणि काळ्या तारेला भीत नाही. भीती चुकीच्या पत्त्यावर जाते.

आमच्या जुन्या शास्त्रकारांनी हा भेद फार सुंदर केलेला आहे. वैशेषिक दर्शनात तेज नावाचं एक द्रव्य आहे आणि उष्ण स्पर्श हे त्याचं लक्षण. पण ते म्हणतात, तेजाचं रूप आणि तेजाचा स्पर्श दोन्ही दर वेळी प्रकट असतीलच असं नाही. दिव्याची प्रभा खोलीभर पसरते, तिचं रूप प्रकट आहे, स्पर्श प्रकट नाही. उकळत्या पाण्यातलं तेज घ्या. तिथे स्पर्श प्रकट आहे, रूप नाही. डोळ्याला काही कळत नाही, बोटाला कळतं. आधुनिक भौतिकशास्त्राशी हे ओढूनताणून जुळवायचं कारण नाही. पण फुलझडीसाठी हे वर्गीकरण चपखल बसतं. ठिणगी म्हणजे प्रकट रूप आणि जवळजवळ अप्रकट स्पर्श. विझलेली तार म्हणजे अप्रकट रूप आणि भयंकर प्रकट स्पर्श.

तर्कशास्त्र शिकलेल्यांना आणखी एक आठवेल. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करता येतं. उलट करता येत नाही. म्हणजे धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. का? तर नैयायिक उदाहरण देतात तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं, अयोगोलकाचं. तिथे अग्नी आहे, धूर नाही. शेकडो वर्षं विद्यार्थी हे उदाहरण घोकत आले. दिवाळीच्या रात्री प्रत्येक अंगणात पन्नास-पन्नास अयोगोलकं पडलेली असतात, आणि आपण त्यांच्यातून अनवाणी फिरतो.

नियम आणि त्यांची कारणं

नुसते नियम सांगितले तर मुलं विसरतात, कारण सांगितलं तर लक्षात ठेवतात. म्हणून एकेक नियम कारणासकट घेऊ.

पाण्यानं भरलेली बादली आधी, फुलझडी नंतर. विझलेली प्रत्येक तार त्या बादलीत जायला हवी, तेही लगेच. कारण आपण पाहिलंच. तार 'च्युईं' करते, मुलांना त्यातही मजा वाटते. ही सवय लागली तर अर्धं काम झालं.

एका वेळी एका हातात एकच. चार-पाच फुलझड्या एकत्र बांधून पेटवायची काही पोरांना हौस असते. प्राणवायू प्रत्येकीत आहेच, एकीची आच दुसरीला लागते, दुसरीची तिसरीला, आणि जे मिनिटभर सावकाश जळायचं ते क्षणात भडकतं. मग ती फुलझडी राहत नाही, तो बॉम्ब होतो. हा प्रयोग कधीही करू नये.

हात लांब, तार किंचित खाली झुकलेली, तोंड बाजूला. पेटवताना दिव्याच्या ज्योतीवर टोक तिरकं धरावं, वाकून फुंकू नये. मोठ्यांनी पेटवून मग मुलाच्या हातात द्यावी, आणि सोबत उभं राहावं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात ती देऊच नये. त्याचा हातच केवढा! हात पूर्ण लांब केला तरी ठिणग्या तोंडाशीच. आणि भीती वाटली की लहान मूल वस्तू सोडत नाही, मूठ आणखी घट्ट आवळतं. कडेवर मूल घेऊन स्वतः फुलझडी धरणं तर त्याहून वाईट. आपला हात लांब, पण मुलाचा हात ती धरायला पुढे येतो.

सुती कपडे, पायात चप्पल. सणाचे नवे कपडे बहुतेक नायलॉन-पॉलिएस्टरचे. सूत जळतं, पण हे कापड वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, पदर, सैल बाह्या आवरून घ्याव्यात.

धावू नये, गरगर फिरवू नये. इथे पुन्हा तत्त्वज्ञान आडवं येतं. मूल फुलझडी फिरवतं आणि अंधारात अखंड तेजाचं वर्तुळ दिसतं. गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणात हाच दृष्टांत घेतला, जळतं कोलीत फिरवल्यावर दिसणारं चक्र, आणि त्या प्रकरणाला नावच पडलं 'अलातशान्ति'. वर्तुळ दिसतं पण नसतं, हे त्यांचं म्हणणं. आम्ही त्याला फक्त एक घरगुती पुस्ती जोडतो. वर्तुळ नसतं हे खरं, पण त्या वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवरून हजार अंशांचं टोक खरोखर गेलेलं असतं. शेजारी उभ्या असलेल्या बहिणीचा डोळा त्यातल्या एखाद्या बिंदूवर असू शकतो.

भाजलंच तर

घरातले तीन-चार उपाय आधी मनातून काढून टाका. टूथपेस्ट नको, शाई नको, हळद-तेल नको, बर्फ नको. भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा, आणि वीस मिनिटं धरायचा. वीस मिनिटं म्हणजे खरोखर वीस. पोरगं रडतं म्हणून आपण दोन मिनिटांत नळ बंद करतो. आपण मघाशी तारेबद्दल बोललो, तेच कातडीलाही लागू आहे. वरून गार झालं तरी आतली उष्णता तिचं काम करत राहते. अंगठी, बांगडी, कडं सूज यायच्या आत काढावं. फोड फोडू नये. स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडानं सैल झाकावं आणि डॉक्टरकडे न्यावं. डोळ्यात ठिणगी गेली तर चोळू नये, दाबू नये, सरळ दवाखाना गाठावा. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर लोळवावं, जाड सुती चादर किंवा घोंगडी लपेटावी.

शहरात हे सांगणं वेगळं आणि इथे वेगळं. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागातून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता तासन्‌तासांचा आहे. १०८ला फोन लावला तरी गाडी यायला वेळ लागतो. म्हणून आपल्याकडे त्या पहिल्या वीस मिनिटांची किंमत जास्त आहे. ती वीस मिनिटं फक्त घरच्यांच्या हातात असतात.

आपल्या मुलखाची गोष्ट

आता आपल्या भूमीवर येऊ. ठिणगी माणसाला भाजत नाही, कारण कातडी जाड आहे आणि तिच्यात पाणी आहे. पण तणसाची काडी? कापसाचा तंतू? वाळलेलं पान? या वस्तू इतक्या पातळ आणि कोरड्या की ठिणगीची ती इवलीशी पुंजीही त्यांना पुरते. जी ठिणगी नातवाच्या हातावर विझते, तीच तणसावर पेट घेते. 'काही नाही होत' हे वाक्य माणसापुरतं अर्धवट खरं आणि तणसापुरतं पूर्ण खोटं.

आणि आपली दिवाळी कधी येते? हलका धान कापणीला आलेला असतो. कुठे कडपा पडलेल्या, कुठे पुंजणे रचायला सुरुवात झालेली. पुंजणा म्हणजे नुसता ढीग नव्हे. ते वर्षभराचं पोट आहे, सोसायटीचं कर्ज आहे, मुलीचं लग्न आहे. पुंजणा जळाल्याच्या बातम्या झाडीपट्टीत आपण वाचतो, तेव्हा त्या घरावर काय कोसळलं ते शेतकऱ्यालाच कळतं. गोठ्याच्या माळ्यावर तणस भरलेलं असतं, खाली जनावरं बांधलेली असतात. बलिप्रतिपदेला आपण गाई-बैल सजवतो, गोवारी बांधवांची ढाल निघते. ज्या जनावराची सकाळी पूजा केली, त्याच्याच गोठ्याशी रात्री ठिणग्या उडवायच्या, हे कोणत्या धर्मात बसतं? दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटकाचे कापडी मंडप उभे राहतात. तिथेही हाच हिशेब.

म्हणून नियम साधा आहे. फुलझडी गावाच्या आतल्या मोकळ्या, सारवलेल्या किंवा सिमेंटच्या जागी. खळ्यावर नाही, पुंजण्याजवळ नाही, गोठ्याजवळ नाही, बांधावर नाही.

दिवाळीत जंगल अजून ओलसर असतं. धोका वाढतो तो नंतर. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं, त्याआधी जाळरेषा साफ करतं. सागाची पानगळ झालेली, बांबू वाळलेला, मोहफुलांसाठी कुणी झाडाखालचा पालापाचोळा पेटवलेला. आणि नेमकी हीच आपली लग्नसराई. हल्ली वरातीत, वधूवरांच्या प्रवेशाला, केकवरसुद्धा फुलझड्या आणि ठिणग्यांचे फवारे लागतात. काहींना 'थंड आतषबाजी' म्हणतात. थंड काही नसतं, कण बारीक असतात एवढंच. ते वाळल्या पानावर पडले की थंड राहत नाहीत. जंगलाला लागून असलेल्या गावात एप्रिल-मेमध्ये हे करूच नये. राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे. ताडोब्याच्या परिसरातल्या पाहुण्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आणि मंडपाच्या आत तर अजिबात नको. ब्राझीलच्या सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ला एका नाइट क्लबमध्ये बाहेर वापरायचं दारूकाम आत पेटवलं. ठिणग्या छताच्या फोमला लागल्या आणि २४२ माणसं गेली, बहुतेक तरुण. आपल्या मंडपातलं थर्माकोल आणि सिंथेटिक कापड त्या फोमचेच चुलतभाऊ आहेत.

धुराचं काय?

फुलझडी आवाज करत नाही, म्हणून तिला आपण सभ्य समजतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ साली मुलं जेवढ्या अंतरावरून फटाके उडवतात तेवढ्या अंतरावर धूर मोजला. सगळ्यात वाईट निघाली नागगोळी. पण फुलझडीनंही अनाराच्या दुप्पट सूक्ष्म कण दिले : घनमीटरला सुमारे १० हजार मायक्रोग्रॅम. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. हे कण काही क्षणांचे असतात हे खरं, पण ते थेट मुलाच्या नाकाशी असतात. दम्याच्या मुलाला दूरच ठेवावं. कोळसा आणि वीज केंद्रामुळे चंद्रपूरच्या हवेवर आधीच भार आहे, त्यात भर कशाला?

सर्वोच्च न्यायालयानं २३ ऑक्टोबर २०१८च्या निकालात बेरियमच्या क्षारांचे फटाके बंद केले आणि दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली. त्यानंतर आपल्या शेजारच्या नागपूरच्या 'नीरी'नं कमी प्रदूषणाची सूत्रं तयार केली. त्यांनाच आपण हरित फटाके म्हणतो. ते निदान ३० टक्के कमी कण सोडतात. स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालयही नागपुरातच. तेव्हा डबी घेताना हरित फटाक्याचं चिन्ह पाहा, परवानाधारक दुकानातूनच घ्या. पण एक गैरसमज नको. हरित म्हणजे धूर कमी, आच कमी नव्हे. हरित फुलझडीची तारही तितकीच भाजते.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका भगिनींनी विचारलं, अर्धवट जळून विझलेली फुलझडी पुन्हा पेटवावी का? नाही. ती विझली असं आपल्याला दिसतं एवढंच. तिला बादलीत टाका.

दुसरा प्रश्न : एवढं सगळं असेल तर फुलझडी बंदच का करू नये? ज्यांना ती नको असेल त्यांनी जरूर पणती लावावी, पणती पुरेशी आहे. पण सरसकट बंदीपेक्षा आम्हाला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. आग हाताळायला मूल कधीतरी शिकणारच आहे. चुलीपाशी शिकेल, शेतात शिकेल, नाहीतर जंगलात शिकेल. आठ-दहा वर्षांच्या मुलाला अंगणात, शेजारी उभं राहून, एक फुलझडी धरायला दिली आणि विझलेली काळी तार दाखवून सांगितलं की 'हिला हात लावू नको, ही अजून आग आहे', तर ते मूल दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचा विचार करायला शिकलं. उद्या तेच मूल जंगलातून चालताना विझल्यासारख्या दिसणाऱ्या शेकोटीवर थांबेल आणि तिच्यावर पाणी ओतेल.

तेव्हा यंदा फटाक्यांच्या यादीत पहिलं नाव बादलीचं लिहा.